दुर्बिणीचं गाव आणि दुर्बिणीचं मोल

चांगली दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न हमखास विचारतो, ‘ही कुठली?’ उत्तर ‘जर्मन’ आलं की तो निर्धास्त होतो, ‘जपानी’ आलं की मान डोलावतो आणि ‘चायना’ ऐकलं की हात आखडता घेतो. दुर्बीण डोळ्याला लागायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो. फार महागड्या दुर्बिणींच्या बाबतीत हा आडाखा बराचसा खरा ठरतो. अगदी स्वस्त दुर्बिणींच्या बाबतीत त्याची गरजच पडत नाही. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १५ ते ६० हजार रुपयांच्या दुर्बिणींमध्ये. पहिली साधी दुर्बीण वापरून झाली, छंद मुरला, आता आयुष्यभर पुरेल अशी एक घ्यावी असं वाटणारे आपल्याकडचे बहुतेक पक्षीनिरीक्षक आणि डोंगरभटके याच पट्ट्यात खरेदी करतात. त्यांच्यासाठी ही रक्कम लहान नसते. म्हणून दुर्बिणीचं गाव कसं ओळखायचं आणि तिचं मोल कशावरून ठरवायचं, हे दोन प्रश्न वेगवेगळे करून पाहायला हवेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: देशाचं नाव दुर्बिणीचा जन्मदाखला देतं, प्रगतिपुस्तक देत नाही. ते गिऱ्हाइकाला स्वतः तपासावं लागतं, आणि सुदैवानं ते तपासता येतं.

एक नाव, अनेक देश

झाइस ही जर्मन कंपनी. तिच्या सर्वांत महागड्या ‘व्हिक्टरी’ मालिकेतल्या दुर्बिणी जर्मनीत, वेट्झलरला तयार होतात. याच कंपनीची ‘एसएफएल’ ही २०२२ साली आलेली मालिका जपानमध्ये बनते, आणि मधल्या पट्ट्यातली ‘टेरा ईडी’ चीनमध्ये. तिन्हींवर निळ्या ढालीचं बोधचिन्ह तेच. निकॉन ही जपानी कंपनी, १९१७ साली ‘निप्पॉन कोगाकू’ या नावानं सुरू झालेली. तिची ‘मोनार्क एचजी’ जपानमध्ये बनते, तर आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात नेहमी दिसणाऱ्या ‘मोनार्क एम ५’ आणि ‘एम ७’ चीनमध्ये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची ‘व्होर्टेक्स’ आपली ‘रेझर एचडी’ जपानमध्ये बनवून घेते आणि स्वस्तातली ‘डायमंडबॅक’ चीनमध्ये. लायकाचा पोर्तुगालमध्ये १९७३ पासून कारखाना आहे, आणि ‘मेड इन पोर्तुगाल’ असा शिक्का असलेल्या तिच्या दुर्बिणी जगभर वापरल्या जातात.

यात लपवाछपवी काहीच नाही. दुर्बिणीच्या पोटाशी, बिजागराच्या टोकाला किंवा नेत्रभिंगाजवळच्या रबराखाली बारीक अक्षरांत देशाचं नाव छापलेलं असतं. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचं नाव असावंच लागतं, आणि अमेरिका मोठी बाजारपेठ असल्यामुळे साऱ्या जगाच्या मालावर ते येतं. आपल्याकडेही २०११ च्या वैधमापन नियमांखाली आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, मूळ देशही सांगावा लागतो. २०२० पासून ऑनलाइन विक्रेत्यांनाही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. तेव्हा पहिलं काम सोपं आहे. कंपनीचं नाव वाचून देश गृहीत धरू नका, खोक्यावरचं पांढरं लेबल आणि दुर्बिणीच्या पोटावरची अक्षरं वाचा. दोन्हींत फरक असेल किंवा लेबलच नसेल, तर तो माल अधिकृत वाटेनं आलेला नसण्याची शक्यता मोठी, आणि मग वॉरंटीचा भरवसा धरता येत नाही.

शिक्क्याच्या आत काय असतं?

पण ‘मेड इन जपान’ म्हणजे नेमकं काय? आंतरराष्ट्रीय व्यापारात मूळ देश ठरवण्याचं तत्त्व असं आहे, की जिथे वस्तूचं शेवटचं भरीव रूपांतर झालं तो तिचा देश. दुर्बिणीच्या बाबतीत हे रूपांतर बहुधा जोडणीच्या टेबलावर होतं. काच मात्र कुठूनही आलेली असू शकते. जर्मनीतली शॉट, जपानमधल्या ओहारा आणि होया, चीनमध्ये चेंगडूची सीडीजीएम, या प्रकाशीय काचेच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्या कोणत्याही कारखान्याला काच विकतात. त्यामुळे चीनमध्ये जोडलेल्या दुर्बिणीत जपानी काच असू शकते, आणि जपानमध्ये जोडलेल्या दुर्बिणीत चीनमध्ये घासलेली भिंगं.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याचं नाव वर आहे तोच बनवतो असं नाही. जपानच्या साइतामा प्रांतातल्या वाराबी गावची कामाकुरा कोकी १९५० पासून या धंद्यात आहे, आणि तिचं मुख्य काम दुसऱ्या नावांसाठी दुर्बिणी बनवणं हेच आहे. चीनमध्ये युनान प्रांतातलं कुनमिंग हे अशा कारखान्यांचं मोठं केंद्र. गिऱ्हाईक कंपनी आराखडा देते, किंवा कारखान्याच्या तयार आराखड्यांतून एक निवडते आणि त्यात कोणतं कोटिंग, कोणती काच, किती काटेकोर तपासणी हे ठरवून घेते.

म्हणूनच बाजारात काही दुर्बिणी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. त्या ओळखायच्या असतील तर माहितीपत्रकातले चार आकडे शेजारी ठेवून पाहावेत: १००० मीटरवरचं दृश्यक्षेत्र, वजन, सर्वांत जवळचं फोकस अंतर आणि डोळा भिंगापासून किती लांब धरता येतो ते अंतर. चारही आकडे तंतोतंत जुळले आणि बिजागराची घडणही सारखी असली, तर दोन्हींचा सांगाडा एकाच साच्यातून निघालेला असण्याचा संभव फार मोठा. मात्र एवढ्यावरून ‘मग स्वस्तातली घेऊ’ असं ठरवणं घाईचं होईल. सांगाडा एक असला तरी आतलं कोटिंग वेगळं असू शकतं, आणि फरक पडतो तो तिथेच.

शिक्क्यांचा इतिहास

देशाच्या नावाला चिकटलेली पत कायम राहत नाही, हे या धंद्याच्या इतिहासातच दिसतं. १८८७ साली ब्रिटिश संसदेनं मालावरच्या खुणांविषयी कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देश छापणं भाग पाडलं. हेतू हा, की हलक्या जर्मन मालाला ब्रिटिश समजून लोकांनी फसू नये. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं सावधगिरीची सूचना म्हणून जन्मली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८९४ साली, येना गावच्या कार्ल झाइस कारखान्यातून एर्न्स्ट आब्बे यांच्या आराखड्याच्या लोलकवाल्या दुर्बिणी बाजारात आल्या. इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसानं १८५४ मध्ये लोलकांनी उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती शोधली होती. पण तेवढी निर्दोष काच आणि तेवढं अचूक घासकाम त्याच्या काळी मिळणं अवघड होतं. येनात ऑटो शॉट यांची काच आणि आब्बे यांचं गणित एकत्र आलं आणि आजची दुर्बीण घडली. सूचनेचा शिक्का थोड्याच वर्षांत प्रतिष्ठेचा झाला.

जपानचीही कथा तशीच. महायुद्धानंतर टोकियोच्या इताबाशी भागात लहान लहान कारखान्यांचं जाळं उभं राहिलं. कुणी लोलक घासायचं, कुणी भिंगं, कुणी धातूचे सांगाडे ओतायचं, कुणी जोडणी करायचं. १९४७ ते १९५२ या काळात निर्यातीच्या मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं छापलेलं असे. स्वस्त आणि हलका माल अशीच तेव्हा जपानी दुर्बिणींची ख्याती होती. ती बदलण्यासाठी जपाननं निर्यातीपूर्वी सक्तीची तपासणी सुरू केली. तपासून उत्तीर्ण झालेल्या दुर्बिणीवर ‘पास्ड’ असं लिहिलेलं छोटं सोनेरी लेबल लागायचं. जुन्या जपानी दुर्बिणींवर ‘जे-बी’ ही अक्षरं आणि त्यापुढे एक आकडा कोरलेला दिसतो. तो जोडणी करणाऱ्या कारखान्याचा क्रमांक. वर अमेरिकी दुकानाचं नाव असलं तरी त्या आकड्यावरून खरा कर्ता शोधता येतो. पत चढली ती अशा तपासणीमुळे आणि खराब नग बाजूला काढायच्या शिस्तीमुळे.

आता चीन त्या वाटेवर आहे. कुनमिंगमध्ये १९३९ साली, युद्धाच्या धामधुमीत, चीनची पहिली लष्करी दुर्बीण बनली. तिथला अनुभव आज आठ दशकांच्या वर गेला आहे. गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या मधल्या पट्ट्यातल्या दुर्बिणी इतक्या सुधारल्या, की झाइस आणि निकॉनसारख्या कंपन्या त्यांवर आपलं नाव घालतात. तिथूनच रस्त्यावर विकली जाणारी टाकाऊ दुर्बीणही येते, आणि म्हणून केवळ ‘चायना’ या शब्दावरून काहीच ठरत नाही.

जुन्या झाइसच्या बाबतीत तर एकाच नावाची दोन घरं होती. १९४५ नंतर जर्मनीची फाळणी झाली तशी झाइसचीही झाली. पूर्वेकडची येनात राहिली, पश्चिमेकडची ओबरकोखेनला उभी राहिली. नावाच्या हक्कावरून दोघांत कज्जे झाले आणि काही देशांत पूर्वेकडच्या मालावर ‘झाइस’ ऐवजी नुसतं ‘आउस येना’, म्हणजे ‘येनाहून’, असं छापलं गेलं. अशी दुर्बीण कुणाकडे दिसली तर ती नकली नाही. उलट येनाच्या नावानं खपवलेल्या बनावट दुर्बिणीही बाजारात फिरल्या आहेत, त्यामुळे ठळक कोरलेल्या नावावर विसंबून जुना माल घेऊ नये.

पैसा कुठे जातो?

दोन दुर्बिणी, दोन्ही ‘८×४२’, एक १२ हजारांची आणि एक ४५ हजारांची. बाहेरून जवळपास सारख्या. मग फरकाचे ३३ हजार कुठे जातात?

आधी आकड्यांचा अर्थ पाहू. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास. आपली बाहुली भर दिवसा २-३ मिलिमीटर असते, अंधारात तरुण माणसाची ७ पर्यंत उघडते. म्हणून पहाटे आणि संधिप्रकाशात ८×४२ ही १०×४२ पेक्षा उजळ वाटते, कारण १०×४२ ची चकती ४.२ मिलिमीटरचीच.

आता आतलं काम. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत हवा आणि काच यांच्या सीमा डझनभर तरी असतात. गुणाकार केला की जवळपास ३९ टक्के प्रकाश वाया. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेल्या पातळ थरानं हे परावर्तन खाली आणलं. आजच्या चांगल्या बहुथरी कोटिंगनं ते अर्धा टक्का किंवा त्याहून कमी होतं आणि तेवढ्याच सीमा ओलांडून सुमारे ९४ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. ‘कोटेड’, ‘मल्टीकोटेड’ आणि ‘फुली मल्टीकोटेड’ या शब्दांत म्हणूनच मोठं अंतर आहे. शेवटचा शब्दच प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर असल्याचा दावा करतो.

मग लोलक. आज लोकप्रिय असलेल्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत छपराच्या आकाराचा लोलक असतो. त्याच्या दोन पृष्ठांमधला काटकोन काही विकला इतकाच चुकलेला चालतो, आणि हे घासकाम महाग असतं. या लोलकात प्रकाश दोन वाटांनी फुटून पुन्हा एकत्र येतो आणि त्याच्या कलेत फरक पडून बारीक तपशील पुसट होतात. झाइसनं १९८८ मध्ये त्यावर उपाय म्हणून फेज कोटिंग आणलं. या पट्ट्यातल्या सरळ नळीच्या दुर्बिणीत ते असायलाच हवं. शिवाय नेहमीच्या श्मिट-पेखान लोलकाला एका बाजूला आरसा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के प्रकाश गिळतो, चांदीचा त्याहून पुष्कळ कमी, आणि डायइलेक्ट्रिक थरांचा असेल तर ९९ टक्क्यांच्या वर परत देतो. एका साच्यातल्या दोन बहिणींच्या किमतीत फरक पडतो तो बहुधा या दोन ठिकाणी.

मधल्या पट्ट्यातला सर्वांत आवडता शब्द ‘ईडी’. रंग कमी फाकवणारी काच असा त्याचा अर्थ. हे मोजायला आब्बेच्या नावाचा अंक वापरतात. साध्या बीके-७ काचेचा तो सुमारे ६४, ओहाराच्या एफपीएल-५१ चा सुमारे ८१ आणि एफपीएल-५३ चा सुमारे ९५. अंक जितका मोठा तितके रंग कमी फाकतात. पण कितीच्या वर ‘ईडी’ म्हणायचं याचं कोणतंही बंधनकारक प्रमाण नाही. ‘एचडी’ला तर ठराविक अर्थच नाही. जी कंपनी काचेचं नाव सांगते तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा. जी नुसती अक्षरं छापते तिची दुर्बीण डोळ्यानं तपासावी.

उरलेला पैसा जातो यंत्रकामात आणि तपासणीत. फोकसचं चाक, बिजागर, ओलावा रोखणाऱ्या रबरी रिंगा, आत भरलेला नायट्रोजन, दोन नळ्यांची समांतरता. आणि शेवटी तो माणूस, जो तयार नग हातात घेऊन ‘हा नको’ म्हणू शकतो. किती नग नाकारायचे हे गिऱ्हाईक कंपनी ठरवते, आणि नाकारलेल्या प्रत्येक नगाची किंमत स्वीकारलेल्या नगांवर पडते. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक सापडतो तो ही चाळणी सैल असली की. मला वाटतं, मधल्या पट्ट्यातल्या किमतीचं खरं गूढ इथेच आहे.

हातात घेऊन करायच्या परीक्षा

देवगडचं नाव छापलेली पेटी घेताना आपण एक आंबा हुंगून पाहतो. दुर्बिणीच्या बाबतीतही तेवढा हक्क गिऱ्हाइकानं बजावावा. दुकानातल्या दिव्याखाली समोरच्या पाट्या वाचून काही कळत नाही. दुर्बीण दाराबाहेर आणा. सूर्याकडे मात्र ती चुकूनही रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

पहिली परीक्षा चकतीची. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करा आणि नेत्रभिंगात पाहा. दोन प्रकाशाच्या चकत्या दिसतील. त्या पूर्ण गोल आणि काठापर्यंत सारख्या उजळ हव्यात. जुन्या धाटणीच्या, खांदे असलेल्या पोरो दुर्बिणीत चकतीच्या कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर आत हलक्या अपवर्तनांकाच्या बीके-७ काचेचे किंवा लहान मापाचे लोलक आहेत असं समजा. चकतीभोवतीचा भाग काळा असावा. तिथे चमकते तुकडे दिसत असतील तर उन्हाकडे पाहताना प्रतिमेवर धुकं चढेल.

दुसरी परीक्षा मोबाइलच्या टॉर्चची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. दुर्बीण दूरवर फोकस करा. टॉर्च नेत्रभिंगामागे हातभर अंतरावर धरा आणि पुढच्या भिंगाला अगदी टेकवून पांढरा कागद ठेवा. कागदावर प्रकाशाचं वर्तुळ उमटेल. पट्टीनं त्याचा व्यास मोजा. ४२ लिहिलेल्या दुर्बिणीचं वर्तुळ ४२ च्या आसपास हवं. आत लहान लोलक किंवा अरुंद कडं बसवलं असेल तर ते ३६ ही भरतं. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबानं २७ टक्के प्रकाश गेला, आणि मोठ्या भिंगाचं ओझं मात्र आपण गळ्यात वागवत राहणार. फुटपाथवर मिळणाऱ्या ‘३०×६०’ दुर्बिणींना तर टॉर्चही लागत नाही. पुढच्या भिंगावर पट्टी ठेवली की साठाचे वीस-बावीस झालेले दिसतात.

तिसरी परीक्षा कोटिंगची. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहा आणि दुर्बीण हळूहळू तिरपी करा. एकामागे एक अनेक प्रतिबिंबं दिसतील. ती मंद आणि हिरवट किंवा जांभळट असावीत. एखादं पांढरंशुभ्र आणि झगझगीत असेल तर तो पृष्ठभाग कोटिंगविना सोडला आहे. लालभडक माणकासारखी भिंगं टाळावीत. ती लाल प्रकाश परत फेकतात आणि आतलं दृश्य निळसर-हिरवं होतं.

चौथी परीक्षा दोन नळ्यांच्या मेळाची. दूरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड पाहा. पाहता पाहता दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर मागे न्या. डाव्या आणि उजव्या वर्तुळातली कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एक वर आणि एक खाली दिसत असेल तर तो नग परत करा. आपले डोळे आडवा फरक थोडाफार सांभाळून घेतात, उभा फरक त्यांना झेपत नाही. पंधरा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं आणि दोष दुर्बिणीचा असूनही माणूस चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

पाचवी परीक्षा रंगांची. उजळ आकाशासमोरची विजेची तार किंवा तिच्यावर बसलेला कावळा पाहा. काठाला जांभळी किंवा हिरवी झालर किती दिसते? मध्यभागी ती जवळपास नसावी, कडेला थोडी चालेल. ‘ईडी’ लिहिलेल्या दुर्बिणीत मध्यभागीही ठळक झालर दिसत असेल तर त्या अक्षरांचे वेगळे पैसे देऊ नका.

शेवटी चाक. फोकसचं चाक दोन्ही दिशांना फिरवा. दिशा बदलताना ते मोकळं फिरता कामा नये. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का ते पाहावं. डोळ्याचं अंतर १६-१७ मिलिमीटर तरी असेल तर ते बहुधा जमतं.

या साऱ्या परीक्षांना अर्धा तास पुरतो. जमलं तर एकाच मॉडेलचे दोन नग मागून घ्या आणि चांगला निवडा. ऑनलाइन घेतलीत तर परत करण्याची मुदत संपण्याआधी हे सगळं उरकून घ्या.

आपल्या हवेचा हिशेब

मोल ठरवताना वापर कुठे होणार हेही मोजावं लागतं. कोकणात, मुंबईत आणि सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की भिंगांवर बुरशी धरते. ती जाळ्यासारखी पसरते आणि वेळीच काढली नाही तर कोटिंग खाऊन टाकते. त्यामुळे नायट्रोजन भरलेली, बंदिस्त दुर्बीण इथे चैन ठरत नाही. ‘आयपीएक्स ७’ असं लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी तिनं पार केलेली असते. निव्वळ ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दांत तेवढा भरवसा नाही. बंदिस्त नसलेली जुनी दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. जुनी विकत घेताना पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत पाहावं. धुरकट थर, तंतू किंवा भिंगाच्या कडेला बुडबुडे दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावी.

दुरुस्तीचाही विचार आधीच करायला हवा. काही अमेरिकी कंपन्या आयुष्यभराची हमी देतात आणि तिची किंमत आपण भरलेली असते. पण अमेरिकेतल्या भावाकडून किंवा लेकीकडून मागवलेल्या दुर्बिणीची हमी इथला आयातदार पाळेलच असं नाही. पाठवण्याचा खर्च आणि जकात धरली तर तिकडची स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही. पैसे भरण्यापूर्वी इथे दुरुस्ती कोण करतं हे लेखी विचारून घ्यावं.

मग किती द्यावे?

पाच-सहा हजारांवरून वीस-पंचवीस हजारांवर गेलं की दृश्यात डोळ्यांना लगेच जाणवेल असा फरक पडतो: उजळपणा, धार, काठावरचे रंग, सगळंच सुधारतं. तिथून पन्नास-साठ हजारांवर जाताना कडेपर्यंतची स्पष्टता, अधिक शुद्ध रंग आणि मऊ फिरणारं चाक मिळतं. त्यापुढे दोन-अडीच लाखांपर्यंत जो फरक मिळतो तो खरा असतो, पण थोडा असतो आणि तो ओळखायला सरावलेला डोळा लागतो. बजेट तुटपुंजं असेल तर चांगल्या पोरो दुर्बिणीचा विचार जरूर करावा. तिच्या लोलकाला फेज कोटिंग लागत नाही, आरसा लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच पैशांत प्रतिमा सरस मिळते. फक्त ती आकारानं रुंद असते आणि पाण्यापासून जपावी लागते.

‘जपानमध्ये बनलेली’ या शब्दांसाठी जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही, कारण त्यांमागे बहुधा कडक चाळणी असते. पण ती चाळणी खरोखर लागली का, हे हातातल्या नगावरच कळतं. चीनमध्ये जोडलेला, साऱ्या परीक्षांत खरा उतरलेला नग हा जपानमध्ये जोडलेल्या आणि मेळ बिघडलेल्या नगापेक्षा केव्हाही सरस. तिकडच्या कारखान्यातली तपासणी आपल्याला दिसत नाही, आपल्या हातातली दिसते. म्हणून दुकानात जाताना खिशात पट्टी आणि मोबाइल असू द्या, दुकानदाराला दार उघडायला सांगा आणि घाई करू नका. अर्ध्या तासाच्या त्या खटपटीवर पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांना काय दिसेल हे ठरणार आहे, आणि एवढा वेळ द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून दुर्बीण न घेणंच शहाणपणाचं.